दुसरं पाकीट फोडण्याआधी

घरी केस रंगवताना होणारी पहिली चूक बहुतेक वेळा लहान असते. मुळांजवळ केस तांबूस दिसतात आणि टोकं काळीकुट्ट. पाकिटावरच्या चित्रातला चॉकलेटी रंग आपल्या केसांवर उतरतच नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही, म्हणून तिथे एक पट्टा तसाच राहून जातो. यातलं काहीही न सुधारण्यासारखं नसतं. मोठं नुकसान होतं ते त्यानंतर. घरातलं लग्न चार दिवसांवर आलेलं असतं, आरशात पाहवत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी दुकानातून दुसरं पाकीट येतं आणि ते पहिल्या रंगावर लावलं जातं. तेही बिघडलं की तिसरं. केस अगदी हाताबाहेर जातात तेव्हा त्यामागे सहसा एक चूक नसते, घाईघाईत एकावर एक केलेले उपाय असतात.

बिघडलेला रंग दुरुस्त करणं म्हणजे चुकीच्या रंगावर बरोबर रंग चढवणं नव्हे. केसात आजवर काय काय गेलं आहे ते आधी ओळखावं लागतं, त्यातलं काय निघेल आणि काय निघणार नाही याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि मगच हात लावावा लागतो. हे अनुभवी माणसाचं काम आहे. पण ती मदत नीट मिळवायची तर केसांचं थोडं रसायनशास्त्र आपल्यालाही माहीत हवं.

केसाच्या आत काय घडतं

एका केसाची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याचं बाहेरचं आवरण, म्हणजे क्यूटिकल, कौलारू छपरासारखं असतं: पातळ खवले एकावर एक सरकून बसलेले आणि त्यांची उघडी कड टोकाच्या दिशेला. आवरणाच्या आत कॉर्टेक्स असतो. केराटिनचे तंतू इथेच, रंग देणारे मेलॅनिनचे कणही इथेच. केसाची ताकद, लवचिकपणा आणि रंग, तिन्ही गोष्टी या आतल्या भागावर अवलंबून असतात.

टिकाऊ रंगाला या कौलांखाली शिरावं लागतं. त्यासाठी अमोनिया वापरतात. ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या पाकिटात बहुधा त्याच्या जागी इथेनॉलअमाइन असतं. दोन्ही अल्कधर्मी. त्यांनी केस फुगतो आणि खवले उचलले जातात. मग हायड्रोजन पेरॉक्साइड दोन कामं करतं. एक, मूळच्या मेलॅनिनचा काही भाग नाहीसा करतं. दुसरं, क्रीममधल्या लहान, जवळजवळ रंगहीन रेणूंना एकमेकांशी जोडून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनवतं. यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा लहान रेणू म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात. जोडले गेलेले मोठे रेणू कॉर्टेक्समध्ये अडकून बसतात आणि साध्या धुण्याने बाहेर पडत नाहीत. वाटीत कालवलेलं पांढरट क्रीम दहा-पंधरा मिनिटांत गडद होतं, ती हीच क्रिया आपल्या डोळ्यांसमोर चाललेली असते.

ही क्रिया घडवणारे घटक खूप जुने आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई जाक थेनार यांनी १८१८ मध्ये शोधलं. पीपीडीचा रंगवण्याचा गुण ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये नोंदवला. यूजीन श्युलर या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये केसांचा कृत्रिम रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल झाली. तेव्हापासून रंगांची गुणवत्ता खूप सुधारली, छटा वाढल्या, वास कमी झाला. मूळ क्रिया मात्र तीच राहिली.

या क्रियेतून दुरुस्तीचे दोन नियम निघतात. पहिला असा, की रंगाने रंग उजळत नाही. काळ्या डायवर ब्राउन लावला, तर मुळांकडची नवी वाढ ब्राउन होते आणि बाकीचे केस काळेच राहतात. आधी चढवलेला कृत्रिम रंग काढल्याशिवाय तिथे फिका रंग येणार नाही. दुसरा नियम असा, की गेलेलं मेलॅनिन परत येत नाही. कृत्रिम रंग पूर्ण काढून टाकला तरी त्याखाली आपले मूळचे काळे केस सापडत नाहीत. पेरॉक्साइडने तिथलं मेलॅनिन आधीच कमी केलेलं असतं, म्हणून तांबूस केस उघडे पडतात. बरेच जण इथे निराश होतात. हे आधी कळलं असतं तर त्यांनी अपेक्षाही तशीच ठेवली असती.

नारिंगी का होतं, हिरवट का दिसतं

रंगकाम करणारे केसांचा गडदपणा १ ते १० अशा पायऱ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक मूळचे केस १ ते ३ मध्ये बसतात. पाकिटावर ४, ५.३ असे आकडे असतात, त्यातला टिंबाआधीचा आकडा हीच पायरी सांगतो. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये १ म्हणजे राखाडी, ३ म्हणजे सोनेरी, ४ म्हणजे तांबूस. चित्रातली मुलगी ५.३ मध्ये सुंदर दिसते, पण तिचे मूळचे केस कोणत्या पायरीवर होते हे चित्र सांगत नाही.

काळ्या केसांतलं मेलॅनिन कमी होत जातं तेव्हा केस आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी फिकट पिवळे होतात. काळ्यावरून थेट बेज किंवा राखाडी रंगावर उडी मारता येत नाही. वाटेत नारिंगी लागतंच. ब्लीच लावून घाबरून मध्येच धुतलं, की केस त्याच वाटेवर थांबतात. अशा वेळी समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात हे तत्त्व कामी येतं: निळा नारिंगीला, जांभळा पिवळ्याला, हिरवा लालला. म्हणूनच नारिंगी केसांवर जांभळा शाम्पू घासून फारसा फरक पडत नाही. तो पिवळेपणासाठी बनवलेला असतो. नारिंगीला निळ्या छटेचा टोनर, म्हणजे नको असलेली छटा मारणारा हलका रंग, लागतो, तोही केस ज्या पायरीवर आहेत तिथलाच किंवा त्याहून गडद. फिका टोनर नारिंगीवर दिसतच नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मुळं उजळ आणि बाकीचे केस गडद. डोक्याच्या त्वचेची ऊब पहिल्या सेंटिमीटरभर केसांना मिळते, त्यामुळे तिथे क्रिया वेगाने होते. पूर्ण केस पहिल्यांदा उजळ रंगवताना मुळांवर आधी रंग लावला, की हे हमखास घडतं. जाणकार कलरिस्ट आधी मधला भाग आणि टोकं लावतो, मुळं शेवटी. चूक झालीच असेल तर तेवढ्याच पट्ट्यावर एक पायरी गडद आणि थंड छटा थोडा वेळ लावून तो पट्टा खालच्या केसांशी जुळवतो. ही तुलनेने सोपी दुरुस्ती आहे.

याच्या उलट चूक हळूहळू साचत जाते. दर महिन्याला पांढरी मुळं झाकताना उरलेला रंग टोकांपर्यंत ओढला जातो. टोकं जुनी, सच्छिद्र. ती रंग पटकन आणि जास्त शोषून घेतात. वर्षभरात तिथे रंगाचे अनेक थर बसतात आणि टोकं शाईसारखी निर्जीव काळी दिसू लागतात. मुळांना लागणारा रंग मुळांनाच लावावा, टोकं फिकी वाटली तर शेवटची काही मिनिटंच त्यांच्यावर ओढावा, एवढ्याने हे टळतं. साचलेले थर मात्र पार्लरमध्येच काढावे लागतात.

हिरवट रंग येतो तो ब्लीच केलेल्या केसांना परत ब्राउन करताना. नैसर्गिक तपकिरी केसात लाल आणि सोनेरी छटा मिसळलेल्या असतात. ब्लीचने त्या गेलेल्या असतात, म्हणून वरून थंड छटेचा ब्राउन लावला की तो मातकट किंवा हिरवट दिसतो. कलरिस्ट आधी हरवलेली तांबूस-सोनेरी छटा भरून घेतो आणि मग त्यावर ब्राउन लावतो. घरी ही पायरी बहुतेक वेळा सुटते, कारण नको असलेला लालसरपणा मुद्दाम केसात भरायचा, हे सहजी पटत नाही.

पांढरे केस नीट झाकले गेले नाहीत, तर दोष बऱ्याचदा छटेच्या निवडीचा असतो. नुसती लाल किंवा राखाडी फॅशन छटा पांढऱ्या केसांवर झळझळीत किंवा विरळ दिसते. तिच्यात नैसर्गिक छटेचा रंग मिसळावा लागतो आणि पूर्ण वेळ ठेवावा लागतो. घाईत लवकर धुतलेला रंग नेमका पांढऱ्या केसांवरून आधी उतरतो.

मेंदी आणि ‘काळी मेंदी’

आपल्याकडच्या दुरुस्तीत सगळ्यांत अवघड प्रश्न मेंदीचा येतो. घरोघरी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली जाते, त्यात आवळ्याची पूड, काथ, जास्वंद पडतं. शुद्ध मेंदीतलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य थेट केराटिनला चिकटतं. ते सहजी निघत नाही आणि कृत्रिम रंग काढणारं औषध त्यावर चालत नाही. मेंदीवर गडद रंग लावता येतो, पण मेंदी लावलेले केस उजळायला गेलं तर हट्टी नारिंगी वर येतो. मेंदीवर नीळ लावून काळे केलेले केस ब्लीच केले तर ते हिरवट पडू शकतात.

शुद्ध मेंदी काळा रंग देत नाही. पाकिटावर ‘काळी मेंदी’ किंवा ‘हर्बल’ लिहिलेलं असेल आणि केस अर्ध्या तासात काळेभोर होत असतील, तर त्यात पीपीडी असण्याची शक्यता मोठी. घटकांची यादी बारीक अक्षरात असते, पण ती वाचावीच. काही जुन्या धाटणीच्या, रोज थोडं थोडं लावून केस काळे करणाऱ्या द्रावणांत धातूंचे क्षार असतात. धातूचे कण पेरॉक्साइडचं विघटन वेगाने घडवतात. असे केस ब्लीचखाली तापू शकतात, तुटूही शकतात. घरची मेंदी लोखंडात भिजवली असेल तर तेही सांगायला हवं. बोअरच्या जड पाण्याने वर्षानुवर्षं केस धुतले असतील तर क्षारांचा थर बसलेला असतो, आणि तोही रंगाच्या निकालावर परिणाम करतो.

म्हणून कलरिस्ट विचारतो, ‘मेंदी लावता का?’ या प्रश्नाला ‘हल्ली नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ३६ सेंटिमीटर लांब केसांचं टोक तीन वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी लावलेली मेंदी तिथे आजही आहे.

पार्लरमध्ये काय होतं, काय व्हायला हवं

चांगल्या दुरुस्तीची सुरुवात प्रश्नांनी आणि तपासणीने होते. कलरिस्ट उजेडात केस वेगवेगळ्या भागांत पाहतो: मुळं, मधला भाग, टोकं, कानामागचे केस. मग एक-दोन ओले केस हलकेच ताणून पाहतो. निरोगी ओला केस थोडा ताणला जातो आणि परत मूळ लांबीवर येतो. जो ताणला तसाच लांबलेला राहतो किंवा लगेच तुटतो, त्याच्यातले केराटिनला बांधून ठेवणारे गंधकाचे बंध मोठ्या प्रमाणात तुटलेले असतात. अशा केसांवर त्या दिवशी ब्लीच करणं योग्य नाही.

त्यानंतर एका आतल्या बटेवर चाचणी. ज्या औषधाने दुरुस्ती करायची तेच त्या बटेवर लावून किती वेळात काय होतं ते पाहायचं. मेंदी किंवा धातूच्या क्षारांची शंका असेल तर कापलेले थोडे केस पेरॉक्साइडमध्ये ठेवून ते तापतात का, बुडबुडे येतात का, रंग बदलतात का हे बघितलं जातं. या चाचणीला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास पूर्ण डोकं वाचवतो. चाचणी न करता थेट वाटी कालवायला घेणाऱ्या ठिकाणी ‘आधी एका बटेवर बघूया’ असं आपण निःसंकोच म्हणावं.

पुढची कामं केसांवर अवलंबून असतात. साचलेला कृत्रिम रंग काढायला गंधकयुक्त रंगनिवारक वापरतात. ते मोठ्या रंगीत रेणूंना पुन्हा लहान, रंगहीन करतं. मग केस भरपूर वेळ धुवावे लागतात, कारण ते लहान रेणू आत उरले आणि लगेच पेरॉक्साइड लागलं तर ते परत जोडले जातात आणि केस पुन्हा काळे पडतात. घरी हे औषध वापरणाऱ्यांचा रंग दुसऱ्या दिवशी परत का येतो, याचं हे मुख्य कारण. जिथे एवढ्याने भागत नाही तिथे सौम्य ब्लीच येतं, तेही फक्त गडद भागांवर.

पार्लर आणि पाकीट यांच्यातला मोठा फरक इथे कळतो. पाकिटात एकाच ताकदीचा डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, असतो आणि तो सगळ्या केसांना सारखाच लागतो. कलरिस्टकडे ३, ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइडचे डेव्हलपर असतात. व्यवसायात त्यांना १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम म्हणतात. मुळांना एक, मधल्या भागाला दुसरा, टोकांना तिसरा, आणि कुठे काहीच नाही, असा निर्णय तो भागाभागानुसार घेतो. पट्टे पडलेल्या केसांवर सगळीकडे एकच मिश्रण लावलं तर पट्टे तसेच राहतात, फक्त वेगळ्या रंगात. दुरुस्तीत पैसे द्यायचे ते भागाभागाने केलेल्या या विचाराचे.

कधी कधी सर्वांत शहाणा उपाय रंग काढण्याचा नसतोच. गडद केसांत बारीक उजळ बटा घातल्या, किंवा जास्त उजळलेल्या केसांत गडद बटा घातल्या, की पट्ट्यांची रेषा डोळ्यांना जाणवत नाही आणि केसांवरचा रसायनांचा माराही कमी होतो. टोकं फार खराब असतील तर पाच-सहा सेंटिमीटर कापणं हा उत्तम उपाय ठरतो.

खुर्चीत बसण्याआधी

दुरुस्ती ठरेपर्यंत केसांवर नवा रंग, ब्लीच, स्ट्रेटनिंग काहीच करू नये. चेहऱ्याचं ब्लीच केसांवर वापरू नये. रंग नुकताच लावला असेल आणि नको तितका गडद झाला असेल, तर पहिल्या काही दिवसांत तेल काढणाऱ्या किंवा कोंड्याच्या शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर तो थोडा उतरू शकतो. एवढं घरी करायला हरकत नाही. खोबरेल तेलही जरूर लावावं: ते केसांतलं प्रथिन निघून जाणं कमी करतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसून आलं आहे. मात्र पार्लरला जाताना काय लावलं आहे ते सांगावं.

जाताना वापरलेलं पाकीट किंवा त्याचा फोटो घेऊन जावा. गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय लावलं, केव्हा लावलं, किती वेळ ठेवलं ते सांगावं: मेंदी, डाय, केराटिन ट्रीटमेंट, स्ट्रेटनिंग, सगळं. ‘घरी केलं’ म्हणून ओशाळण्याचं काही कारण नाही. लपवलेली गोष्ट रसायनांपासून लपत नाही.

विचारायचे प्रश्न तीनच. किती बैठका लागतील? प्रत्येक बैठकीनंतर केस कसे दिसतील? एकूण खर्च किती? काळ्या थरांवरून उजळ ब्राउनपर्यंत जायला अनेक आठवडे आणि दोन-तीन बैठका लागू शकतात. एका दुपारी सगळं होईल असं कोणी छातीठोक सांगत असेल आणि केसांना हातही लावून पाहिला नसेल, तर तिथून उठावं.

जिथे आधी डॉक्टर

डोक्याची त्वचा लाल झाली, खाज, पुळ्या किंवा पाणी सुटलं, पापण्या, कपाळ, कान सुजले, तर प्रश्न रंगाचा नाही. ही पीपीडीची अ‍ॅलर्जी असू शकते. ती काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांनीही दिसते, आणि वर्षानुवर्षं तोच डाय वापरणाऱ्या माणसालाही अचानक होऊ शकते. रंग भरपूर पाण्याने धुऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट रुग्णालय गाठावं. युरोपीय संघात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांहून जास्त चालत नाही, पण अ‍ॅलर्जी असलेल्याला त्याहून कमी मात्राही पुरते. एकदा अशी प्रतिक्रिया आली, की दुरुस्तीसाठीसुद्धा तो रंग परत लावायचा नाही.

म्हणून रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहणं, ही पाकिटावरची सूचना दर वेळी पाळावी. पार्लरमध्येही तोच नियम. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीच लावू नये. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

‘आज नको’ म्हणणारा माणूस

चांगल्या कलरिस्टची पारख कशी करायची? तो किती लवकर हो म्हणतो यापेक्षा तो कधी नाही म्हणतो हे पाहावं. ओला केस ताणून पाहिल्यावर ‘आज ब्लीच नको, महिनाभर केसांना सावरू द्या, तोवर मुळं जुळवून देतो’ असं सांगणारा माणूस त्या दिवशीची कमाई सोडून तुमचे केस वाचवत असतो. २०१४ पासून केसांतले तुटलेले बंध जोडण्याचा दावा करणारी उत्पादनं पार्लरमध्ये आली आहेत. ती ब्लीचमध्ये मदत करतात, पण रबरासारख्या झालेल्या केसाला ती पुन्हा नवा करत नाहीत. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो स्वतःहून भरून निघत नाही. त्याला आणखी इजा न होऊ देणं, आणि मुळांतून येणारी नवी वाढ जपणं, एवढंच माणसाच्या हाती असतं.

आपल्या हाती आणखी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. यापुढे रंग घरी लावा किंवा पार्लरमध्ये. तारीख, कंपनी, छटेचा आकडा, डेव्हलपरची ताकद, किती मिनिटं ठेवला आणि कुठल्या भागावर लावला, हे फोनमध्ये लिहून ठेवा आणि पाकिटाचा फोटो काढा. दोन वर्षांनी कुठेतरी काही बिघडलं, तर समोरच्या कलरिस्टला अंदाजाने हात घालावा लागणार नाही, आणि तुम्हालाही दुसरं पाकीट फोडावं लागणार नाही.